चुरा दिसता कामा नये

“तीन मजली केक मी डोळे झाकून गुळगुळीत करते. आणि एवढंसं एकमजली तोंड मला जमणार नाही होय?”

मावशी असं बोलल्या, आणि तिथूनच सगळं बिघडायला लागलं. कारण मावशींच्या तोंडून शब्द गेला की तो खरा करून दाखवायलाच हवा. मग त्यात नाक स्वतःचं कापलं जावो नाहीतर दुसऱ्याचं!

मावशींचं केकचं दुकान. पुढं दुकान, मधे भट्टीची खोली, मागं घर. गल्लीत कुणाचा वाढदिवस असो, कुणाची बढती असो, केक मावशींचाच. त्यांच्या धंद्याचं सारं शास्त्र एका वाक्यात होतं: “चुरा दिसता कामा नये!” केकवर क्रीम चढवताना खालचा चुरा सुटतो आणि पांढऱ्या क्रीमवर मुंग्या चढल्यासारखा दिसतो. म्हणून आधी एक पातळ थर द्यायचा, तो थंड करून घट्ट करायचा आणि मगच वरचा खरा थर. “पहिला थर कुणाला दिसत नाही,” मावशी म्हणायच्या, “पण सगळी अब्रू त्याच्यावर उभी असते.”

लग्न होतं बबडीचं. बबडी ही मावशींची भाची. तिची आई गेली तेव्हा ती इतकी लहान होती की नळापर्यंत हात पोचायचा नाही. मावशी तिला मैद्याच्या डब्यावर उभी करायच्या आणि खसाखसा तोंड धुऊन शाळेत पिटाळायच्या. पोरगी मोठी झाली, नोकरीला लागली, स्वतःचं लग्न स्वतः ठरवून आली. तरी मावशींच्या डोळ्यांपुढं ती त्या डब्यावरच उभी होती.

लग्नासाठी बबडीनं एक मेकअपवाली ठरवली होती. ती एकदा चेहरा बघायला घरी आली. बबडीची हनुवटी धरून तिनं उजेडात इकडं तिकडं वळवली आणि म्हणाली, “मेकअप ही नंतरची गोष्ट. आधी त्वचेची तयारी. चेहरा स्वच्छ करायचा, ओलावा द्यायचा, क्रीम मुरू द्यायचं, मग प्रायमर. हा खालचा पातळ थर नीट बसला, की वरचं सगळं नीट बसतं.”

झालं! दाराआड उभ्या असलेल्या मावशींचे कान टवकारले. खालचा पातळ थर? अगं, हा तर माझाच धंदा!

मेकअपवालीनं बबडीकडून लागतील त्या बाटल्या आणि ट्यूबा आणवून घेतल्या आणि त्या घरीच ठेवून ती गेली. मावशींनी दोन दिवस विचार केला. म्हणजे त्यांनी दोन दिवस स्वतःलाच शाबासकी दिली. मग गुपचूप फोन उचलला आणि मेकअपवालीला सांगितलं, “तुम्ही येऊ नका. आमचं आम्ही बघू.” आणि बबडीला काय सांगितलं? “अगं, तिला ताप आलाय. अंथरुणातून उठवत नाही बिचारीला!”

खरं कारण मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. लग्न झालं की पोरगी दुसऱ्या घरी जाणार. त्या सकाळी तिच्या तोंडावरून परक्या बाईचा हात फिरावा? छे! तो हात आपलाच हवा, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण मनातलं बोलायला माणसाला जमत नाही, म्हणून तो फुशारकी मारतो.

“मावशी, तुला खरंच येईल ना?” बबडीनं विचारलं. बिचारी दुसरं काय विचारणार?

“तू फक्त गप्प बस. केक कधी बोलतो का?”

लग्नाच्या सकाळी भट्टी पेटलेली होती, कारण पाहुण्यांसाठी बिस्किटांचे आणखी ट्रे भाजायचे होते. त्या खोलीत पंखा लावायची सोय नाही. लावला की पिठीसाखर उडते आणि माणसं बर्फात सापडल्यासारखी दिसतात. काका, म्हणजे मावशींचे यजमान, मागच्या घरात लग्नाच्या केकवर शेवटची साखरेची फुलं बसवत होते. मावशींनी बबडीला भट्टीजवळच्या टेबलाशी बसवलं. केस कापडी टोपीत कोंबले. गळ्याखाली पांढरी चादर गुंडाळली आणि बाह्या वर सारल्या.

तोंड धुतलं. ते त्यांना येतच होतं. मग साखरेनं घासलं.

“मावशी, टोचतंय!”

“टोचणारच. खालचा खडबडीतपणा जायला नको?”

मग टोनरची बाटली. कापसावर थोडं घेऊन टिपायचं, असं मेकअपवाली म्हणाली होती. पण मावशींना केकवर साखरेचा पाक शिंपडायची सवय. केक जितका पाक पितो तितका मऊ राहतो, हे त्यांना कोण शिकवणार? त्यांनी ब्रश घेतला आणि सबंध बाटली बबडीच्या तोंडाला पाजली. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून चादरीत!

मग सीरम. “हे काय, थेंब थेंब पडतंय? कंजूष कुठले!” म्हणत त्यांनी झाकणच काढून टाकलं. मग क्रीम. ते मुरायच्या आधीच उन्हापासून वाचवणारं पांढरं मलम, अख्खी ट्यूब. आणि त्यावर प्रायमर, तोही हातानं नाही! केक गुळगुळीत करायची लांब, चपटी सुरी असते ना, तिच्या पाठीनं!

“वळ,” मावशी म्हणाल्या. बबडी स्टुलावर वळली. “आणखी वळ. हं, असंच गोल फिरत राहा.”

“मावशी, मला चक्कर येतेय.”

“थर एकसारखा यायचा तर फिरावंच लागतं!”

थर आला खरा. पण मावशींनी अंगठ्यानं गालावरचा एक काठ जरा दाबला मात्र! गालावरून पांढऱ्या पांढऱ्या वळकट्या सुटल्या! खोडरबरानं वहीवर घासावं तशा. एक पुसावी तर दोन निघत होत्या. कपाळावर वळकट्या, नाकावर वळकट्या, हनुवटीवर तर ढीग!

“चुरा!” मावशी पुटपुटल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

“काय झालं?”

“काही नाही. तू बोलू नकोस, भेगा पडतील.”

त्यांनी ते सगळं धुऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच! तिसऱ्यांदा धुतलं तोवर बबडीचे गाल टोमॅटोसारखे लाल झाले होते. उरलंसुरलं सगळं एकत्र कालवून मावशींनी चौथ्यांदा थापलं. आता वळकट्या सुटत नव्हत्या, पण भट्टीच्या धगीनं तो थर घामाबरोबर हळूहळू खाली सरकत होता. एक भुवई तर गालापर्यंत आल्यासारखी वाटत होती.

उन्हाळ्यात केक असा ढासळायला लागला तर शहाणं माणूस काय करतं? थंड करतं! आणि ह्यावेळी मावशींच्या डोक्यात फक्त केकच होता. बबडी कुठंतरी मागं पडली होती.

मागच्या घरातल्या फ्रीजमध्ये बिस्किटांवरचं क्रीम ठासून भरलेलं. उरला दुकानातला काचेचा फ्रीज, ज्यात विकायचे केक मांडून ठेवतात. त्याला पुढून काच, गिऱ्हाइकानं बघावं म्हणून, आणि मागून सरकतं दार, दुकानदारानं काढून द्यावं म्हणून. मावशींनी मधला कप्पा रिकामा केला. त्यात केक फिरवायची थाळी ठेवली. थाळीवर, नाजूक त्वचेला धातू लागू नये म्हणून, कागदी जाळी अंथरली.

“बस स्टुलावर. आता हनुवटी ह्या जाळीवर ठेव.”

“मावशी, मी फ्रीजमध्ये डोकं घालू?”

“लोक उकाड्यानं मरताहेत आणि तुला फुकटात गारवा मिळतोय तर नखरे करतेस!”

बबडीनं मावशींकडं पाहिलं. तिला काय वाटलं कोण जाणे! पण लहानपणापासून हिच्या हातात मान दिलेली. सवयीनं तिनं डोकं आत घातलं. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून मावशींनी मानेभोवती टॉवेल कोंबले आणि खांद्यांवरची चादर नीट पसरली.

“मावशी, माझं नाक गेलं.”

“कुठं गेलं?”

“आहे की नाही तेच कळत नाहीये.”

“म्हणजे थर धरतोय. डोळे मिटून घे.”

उजव्या बाजूला अननसाचा केक, डाव्या बाजूला चॉकलेटचा आणि मधे बबडीचं पांढरंशुभ्र डोकं. समोर अननसाच्या केकचीच पाटी सरकून आली होती: ‘आजच बनवलेला’.

मावशी जरा लांब उभ्या राहिल्या आणि खरं सांगायचं तर खूश झाल्या. थर घट्ट होत होता. भुवई जागेवर थांबली होती. आता एवढ्यात काढलं की वरचा रंग...

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. अर्धं ओढलेलं शटर वर सरकलं आणि वाकून आत आल्या विहीणबाई! नवऱ्या मुलाच्या आई.

विहीणबाई शाळेत मुख्याध्यापिका. त्यांनी नुसतं बघितलं तरी समोरचा माणूस आपोआप हात मागं बांधतो. मावशींनीही बांधले.

“केक न्यायला आले,” विहीणबाई म्हणाल्या. “हे गाडीतच थांबलेत. आणि माझ्या तोंडाकडं बघू नका हं, क्रीम मुरायचंय अजून. तोवर चष्मासुद्धा लावायचा नाही म्हणे! सगळं धुक्यातून दिसतंय मला.” असं म्हणत त्या फ्रीजकडं वळल्या, काचेला नाक लावलं आणि एकदम थबकल्या.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

“अगंबाई!” विहीणबाई म्हणाल्या. “हा केक? ही तर आपली बबडी!”

आता इथं मावशी खरं बोलल्या असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती. थोडं हसू झालं असतं, बस्स. पण सुनेचं डोकं लग्नाच्या सकाळी फ्रीजमध्ये का, हे विहिणीला सांगायचं कुठल्या तोंडानं? मावशींच्या जिभेनं त्यांना न विचारताच उत्तर दिलं:

“हो ना! म्हटलं, जरा वेगळं काहीतरी.”

“केवढी कला हो तुमच्या हातात! पापण्यासुद्धा काढल्यात!” विहीणबाई काचेपुढं डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं फिरल्या. “पण रागवू नका, नाक जरा मोठं झालंय.”

फ्रीजमधल्या केकच्या नाकपुड्या किंचित फुगल्या.

“क्रीम फुगतं,” मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

“कपाळ मात्र अगदी तिचंच! मुलानं पहिल्यांदा फोटो दाखवला ना, तेव्हा मी म्हटलं, अरे, हे कपाळ आहे की शाळेचं पटांगण? पोरांची कवायत होईल ह्याच्यावर!” विहीणबाई स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “आता घरचीच गोष्ट, म्हणून बोलते. मुलगी गुणी आहे, पण स्वयंपाकात अंधार! मागे आमच्याकडं आली, म्हणाली, आई, मी अंडी उकडते. भांडं करपवलं हो! पाणी घालायला विसरली!”

“विहीणबाई, आपण मागच्या घरात बसू या का? सरबत देते...”

“नको, नको. पण एक सांगते.” त्यांनी काचेवर हलकेच बोट ठेवलं. “ही आल्यापासून माझा मुलगा आमच्याशी बोलायला लागलाय. आधी घरात नुसता घुम्यासारखा वावरायचा. तिच्या तोंडावर मी असलं बोलणार नाही, डोक्यावर बसेल. केकला सांगायला काय जातंय!”

मावशी काचेतून बबडीकडं बघत होत्या. मिटलेल्या पापणीच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं. ते पाणी होतं की गारठा, कळायला मार्ग नव्हता. मावशींना वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण खाली फरशी होती, नुकतीच बसवलेली, पक्की!

“जरा चव बघते,” विहीणबाई म्हणाल्या आणि कुणी अडवायच्या आत काउंटरला वळसा घालून मागं गेल्यासुद्धा.

“अहो नको! बोटाचा ठसा उमटेल!”

“मागच्या बाजूनं घेते हो, कुणाला दिसायचं नाही.” विहीणबाईंनी एक हात आधारासाठी चादरीच्या ढिगावर ठेवला. ढीग म्हणजे बबडीचा खांदा! “केवढे कपडे धुवायचे साठलेत तुमचे,” असं म्हणत त्यांनी दुसऱ्या हातानं टॉवेल बाजूला केला, आत बोट घातलं आणि कानाजवळून गालापर्यंत एक लांबलचक रेघ ओढली. बोट तोंडात घातलं.

फ्रीज तेवढा घरघरत राहिला.

विहीणबाईंचा चेहरा आधी विचारी झाला, मग गंभीर, मग परीक्षेत कॉपी सापडल्यासारखा.

“बाई,” त्या म्हणाल्या, “साखर विसरलात.”

“कमी गोड आहे. नवीन प्रकार...”

“कमी गोड? हा साबण आहे!”

आणि नेमके तेव्हाच मागच्या दारातून काका आले. दोन्ही हातांत तीन मजली केक, हनुवटी वरच्या मजल्यावर जवळजवळ टेकलेली. “चला, झाला बरं का लग्नाचा केक!” ते खुशीत म्हणाले. “अरे, विहीणबाई! वेळेवर आलात!”

विहीणबाईंनी काकांच्या हातातल्या केककडं पाहिलं. मग फ्रीजकडं पाहिलं. बोट अजून तोंडाशीच.

“हा लग्नाचा केक? मग हा कुणाचा?”

“हाऽऽक् छी!” केक शिंकला.

त्या शिंकेनं अननसाच्या केकवरची चेरी उडाली आणि काचेला चिकटली. विहीणबाई अशा किंचाळल्या की बाहेर त्यांच्या यजमानांनी घाबरून हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. काका किंचाळले नाहीत. तीन मजली केक हातात असलेल्या माणसाला किंचाळता येत नाही. त्यांनी फक्त डोळे मोठे केले आणि होते तिथंच, दिव्याच्या खांबासारखे, उभे राहिले.

बबडीनं डोकं बाहेर काढलं. कागदी जाळी हनुवटीला दाढीसारखी चिकटलेली. गालावर बोटाची रेघ. तिनं सासूबाईंकडं पाहिलं.

“नमस्कार, आई,” ती म्हणाली. “ते पटांगण इकडं आहे.”

विहीणबाई स्टुलावर बसल्या. आयुष्यभर त्यांनी इतरांना शरमेनं खाली बघायला लावलं होतं. आज त्यांनी स्वतः फरशीकडं पाहिलं. “तू... सगळं ऐकलंस?”

“काच पातळ आहे, आई.”

“अहो, पण हे आहे तरी काय?” विहीणबाई मावशींकडं वळल्या. शरम माणसाला फार वेळ पेलत नाही, तो ती पटकन दुसऱ्याकडं सरकवतो. “नवरीचं डोकं फ्रीजमध्ये कशासाठी?”

“त्वचेची तयारी,” मावशी म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात त्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या.

“असली तयारी? अहो, ती मेकअपवाली आत्ता आमच्याकडं बसलीय, माझं आणि माझ्या मुलीचं करायला. वाटाण्याएवढं क्रीम घेते, बोटानं टेकवते आणि मुरेपर्यंत थांबायला लावते. म्हणून तर मी केक न्यायला निघाले! मी म्हटलं, एवढंच लावता? तर म्हणाली, तोंड आहे बाई, भिंत नव्हे. ती तुमच्याकडं येणार होती ना? पण नवरीच्या मावशींनीच फोन करून नको म्हणून सांगितलं, म्हणाली ती!”

हॉर्न थांबला. थांबायला त्याला दुसरी वेळ मिळाली नाही.

बबडीनं हळूच मान वळवली.

“तिला ताप आलाय ना, मावशी?”

फ्रीज, सुरी, जाळी, ह्या सगळ्याला वेडेपणा म्हणून हसता आलं असतं. पण ताप खोटा होता, आणि तो त्यांनी पोरीच्या तोंडावर सांगितला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मावशींचा चेहरा भट्टीसारखा तापला. त्यांनी पदर शोधला, तर अंगावर कामाचा एप्रन. मग त्यांनी एप्रननंच कपाळ पुसलं आणि कपाळाला पीठ लागलं.

“अगं, मला वाटलं...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. काय वाटलं होतं, ते चारचौघांत सांगणं फ्रीजमध्ये डोकं घालण्याहून अवघड होतं.

काका अजून केक धरून उभे होते. “कुणी हा खाली ठेवायला जागा देईल का?” ते म्हणाले. “माझे हात गळून पडतील.”

बबडी उठली, नळाशी गेली आणि तिनं तोंड धुतलं. स्वतःचं स्वतः. मावशी टॉवेल घेऊन मागं उभ्या राहिल्या. तिनं टॉवेल घेतला, पण मागं वळून पाहिलं नाही. धुतल्यावर दिसलं, की तोंड लालबुंद झालंय आणि नाकाचा शेंडा गारठून निळसर.

“चल माझ्याबरोबर,” विहीणबाई तिला म्हणाल्या. आवाजात आता मुख्याध्यापिका नव्हती, चोरी पकडली गेलेली बाई होती. “तिकडंच होईल तुझंही. आणि वाटेत मी... ते अंड्याचं वगैरे... जाऊ दे. खरं म्हणजे आमचंही भांडं जुनंच होतं.”

“मी पण येते,” मावशी म्हणाल्या.

“तू केक सांभाळ,” बबडी म्हणाली.

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साधंच म्हणाली. मावशी केकबरोबर मागून बोलावलेल्या दुसऱ्या गाडीत बसल्या आणि सगळा रस्ता केकला धरून राहिल्या. केकला काही होणार नव्हतं. तो नीट बसवलेला होता. त्याच्या खालचा थर कसा पक्का होता!

हॉलवर पाहुणे जमले. केकचं कौतुक सुरू झालं. “वा! काय सफाई! कुठं चुरा दिसत नाही!” मावशी प्रत्येक कौतुकाला अशा दचकत होत्या, जणू कुणी चुगली करतंय. त्या केकच्या मागं उभ्या राहिल्या. तीन मजल्यांचा एक फायदा असतो, माणूस त्यामागं लपू शकतो. नीट बसलेली साखरेची फुलं त्या पुन्हा पुन्हा नीट बसवत होत्या.

“किती वेळ फुलं बसवणार आहेस?”

केकच्या बाजूनं बबडी डोकावत होती. मावशींनी पाहिलं आणि बघतच राहिल्या. तोंडावर काही लावलंय असं वाटतच नव्हतं. नुसतं तिचं तोंड होतं, झोप पूर्ण झालेलं, आनंदी. कपाळ तेच, नाक तेच. सकाळचा लालसरपणा कुठं गेला, कोण जाणे! मावशींनी दोन्ही हात चटकन पाठीमागं नेले.

“हात का लपवतेस?”

“लागेल काहीतरी,” मावशी म्हणाल्या. “बबडे, खोटं बोलले मी. तिला ताप नव्हता. मला वाटलं, आजच्या दिवशी तुझ्या तोंडावरून माझा हात... म्हणजे तू जाणार, म्हणून... आणि करून काय ठेवलं, तर सगळ्यांपुढं तुझा केक केला!”

मागं विहीणबाई आणि मेकअपवाली येऊन उभ्या राहिल्या होत्या. विहीणबाईंनी आता चष्मा लावला होता आणि त्या मुद्दाम छताकडं बघत होत्या.

“ही बाई मला म्हणाली,” बबडीनं मेकअपवालीकडं मान हलवली, “एवढी घासलेली, एवढी धुतलेली त्वचा मी आजवर पाहिली नाही. तिला निस्तरायलाच अर्धा वेळ गेला. तुला मेकअप येत नाही, मावशी. ह्यापुढं माझ्या तोंडाला ब्रश लावायचा नाही. सुरी तर नाहीच!”

“नाही लावणार.”

“आणि खोटं बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.”

“पण धुवायला मला तुझ्याशिवाय कुणाची सवय नाही. कार्यक्रम संपला की हे सगळं उतरवायचंय. ते तू उतरव.”

मावशींचे डोळे भरून आले. एवढ्या शरमेनंतर एवढं मोठं बक्षीस! काय बोलावं त्यांना कळेना, आणि काय बोलावं कळेनासं झालं की मावशी काय करतात, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

“अगं, उतरवणं म्हणजे तर माझ्या डाव्या हातचा मळ!” त्यांचा आवाज पुन्हा हॉलभर घुमला. “केकच्या साच्याला जळून चिकटलेला थर मी कसा सोडवते, पाहिलंयस ना? उकळतं पाणी, मूठभर सोडा आणि ती तारेची घासणी...”

“मावशी!”

बबडी, विहीणबाई आणि मेकअपवाली, तिघी एकदम ओरडल्या. बबडीनं घाबरून दोन्ही हात गालांकडं नेले, तर मेकअपवाली आणखी मोठ्यानं ओरडली, “हात लावू नका!”

मावशींनी जीभ चावली. पाहुणे बघायला लागले म्हणून उगाच एक फूल सरळ केलं. मग इकडं तिकडं पाहून, फक्त बबडीला ऐकू जाईल अशा बेतानं, त्यांनी विचारलं:

“बरं, मऊ घासणीनं?”